चहा पातळ, स्वभाव हट्टी

मीरिमचा बायोडेटा एका पानाचा होता आणि त्याच्या मधोमध नऊ वर्षांचं भगदाड होतं. भगदाडाच्या अलीकडे ती तोकमोकच्या दूध केंद्रात, प्रयोगशाळेत होती. दुधातली साय, आंबटपणा आणि माणसाने पाणी किती सढळ हाताने घातलंय हे मोजायची. भगदाडाच्या पलीकडे 'छंद : वाचन' एवढं एकच वाक्य होतं, आणि तेही खोटं.

भगदाडात तीन मुलं होती. त्यातलं शेवटचं आता बालवाडीत जायला लागलं होतं, गावाबाहेर चीजचा नवा कारखाना उघडला होता आणि त्यांना दूध तपासणारं माणूस हवं होतं. मीरिमला पगाराचं, प्रतिष्ठेचं वगैरे फार नव्हतं. तिला फक्त असं काम हवं होतं जे संध्याकाळी संपतं.

नवरा मक्सात शाळेत भूगोल शिकवायचा. घरातला नळ गळायला लागला की तो त्याचा उगम सांगायचा. त्याने फोनवर बायोडेटाचे नमुने शोधून काढले.

"असं लिही," तो म्हणाला. "'तीन दीर्घकालीन प्रकल्पांचं यशस्वी व्यवस्थापन.'"

"कुठले प्रकल्प?"

"बेकतूर, आयझादा आणि एल्दार."

"यशस्वी कशावरून? एल्दारने काल साबण खाल्ला."

"मग 'काम चालू' लिही."

मीरिमने ते सगळं खोडलं आणि भगदाडात एकच शब्द लिहिला. पद : सून. कामाची वेळ या रकान्यात तिने बराच वेळ पेन धरून ठेवलं आणि मग तो रिकामा सोडला.

कारखान्यात फोन केला तर तिकडच्या मुलीने नियम वाचून दाखवला. बायोडेटात जेवढा काळ लिहिलाय तेवढ्या काळाचं वरिष्ठांचं पत्र हवं. बंद लिफाफ्यात, शिक्क्यासकट.

"पण मी घरीच होते," मीरिम म्हणाली.

"हो, पण घरी कुणाच्या हाताखाली?"

मीरिमने मान वळवली. चुलीपाशी तिच्या सासूबाई, बुबुसारा अपा, पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघत होत्या. बघून झाल्यावर त्यांनी नापसंतीने झाकण ठेवलं.

"आहे एक," मीरिम म्हणाली.

आता यातला दैवयोग असा, की बुबुसारा अपा म्हणजे साध्यासुध्या सासू नव्हत्या. गावातल्या लोकर कारखान्यात त्या बावीस वर्षं कर्मचारी विभागाच्या प्रमुख होत्या. कुणाला घ्यायचं, कुणाला हाकलायचं, कुणाच्या दाखल्यावर काय लिहायचं, सगळं त्यांच्या हातात. पुढे कारखाना बंद पडला, तिथे लग्नाचा हॉल झाला. कारखाना गेला, तो ज्या देशाचा होता तो देशही गेला, पण गोल शिक्का तेवढा अपांनी घरी आणला होता. तो साखरेच्या डब्यात असायचा.

पत्राचं ऐकताच अपांनी चष्मा लावला, टेबलावरचे पेले बाजूला सारले आणि म्हणाल्या, "बस."

नऊ वर्षांत हा शब्द मीरिम या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच ऐकत होती. ती घाबरून बसली.

"नाव?"

"अपा, नाव माहितीय ना तुम्हाला."

"मला माहितीय. दप्तराला नाही. गैरहजेरी?"

"तीन वेळा. बाळंतपणाची."

"तीन," अपांनी लिहून घेतलं. "शिस्तभंग?"

"काही नाही."

अपांनी चष्म्यावरून पाहिलं. "नौरोजच्या सणाला खिरीचं पातेलं तळाला कुणी लावलं?"

"अपा, तुम्ही ढवळत होतात."

"देखरेख तुझी होती," अपा म्हणाल्या आणि चार ओळी लिहिल्या.

दोन दिवस त्या लिहीत होत्या. मंगळवारी मुलाखत होती. सोमवारी दुपारी त्यांनी चिकटवलेला लिफाफा मीरिमच्या हातात दिला. "गोपनीय आहे. उघडायचा नाही," म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. मीरिमने साहजिकच तो ताबडतोब किटलीच्या वाफेवर धरला.

पत्र चार पानांचं होतं. 'नागरिक मीरिम, पद सून, नऊ वर्षांपासून सेवेत. चहा पातळ. स्वभाव हट्टी. सांगितलेलं काम करते, पण आधी कारण विचारते. कणीक मळताना गाते आणि गाणं चुकते. पाहुण्यांसमोर दात दाखवून हसते. वरिष्ठांचे गुडघे दुखतात तेव्हा न सांगता तेल गरम करून आणते, म्हणजे वरिष्ठांच्या खासगी बाबींवर पाळत ठेवते.' असं करत करत चौथ्या पानाच्या तळाशी : 'बाहेरच्या कुठल्याही संस्थेत काम करण्यास पूर्णपणे अयोग्य.' खाली गोल शिक्का.

मक्सात शाळेतून आला तेव्हा मीरिम पत्र घेऊन तशीच उभी होती. त्याने वाचलं. "अक्षर सुंदर आहे," तो म्हणाला.

"मक्सात."

"थांब ना. मी दुसरं लिहितो. आईचं अक्षर मला येतं. प्रगतिपुस्तकावर तिची सही पाचवीपासून मीच करायचो."

त्याने अर्ध्या पानात काम उरकलं. मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, वेळ पाळणारी, सहकाऱ्यांची लाडकी, संस्थेचं भूषण. आतल्या खोलीतून अपांचं घोरणं ऐकू येत होतं तेवढ्यात साखरेच्या डब्यातून शिक्का निघाला, उमटला आणि परत गेला. भूषण या शब्दावर साखरेचे दोन कण चिकटून राहिले.

नवं पत्र लिफाफ्यात गेलं. राहता राहिलं खरं पत्र. ते कुठे टाकायचं? केराची बादली अपा तपासायच्या. चुलीतली राखसुद्धा उकरून बघायच्या. शेवटी मीरिमने मंगळवारी सकाळी तळलेल्या बोरसोकांभोवती, कणकेच्या त्या फुगीर तुकड्यांभोवती, ती चार पानं गुंडाळली आणि पुडकं पिशवीत टाकलं. दारात अपांनी तिला थांबवलं, पुडक्यातून एक बोरसोक काढला, दाबून बघितला, "तेलकट," म्हणाल्या आणि जाऊ दिलं. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मुलाखत घेणाऱ्या बाईंचं नाव होतं राकिया सादिरोव्ना. पन्नाशीच्या, करडा सूट, टेबलावर चहाची किटली. त्यांनी मीरिमच्या पेल्यात दोन घोट चहा ओतला आणि बायोडेटा वाचला. 'पद : सून' इथे त्यांचा ओठ जरासा हलला.

"भेसळीचं दूध ओळखता येतं अजून?"

"आमच्या गल्लीतला दूधवाला मला बघून रस्ता बदलतो."

राकिया सादिरोव्नांनी पुन्हा दोन घोट ओतले. आंबटपणाचं विचारलं, उत्तर आलं. यंत्राचं विचारलं, उत्तर आलं. पुन्हा दोन घोट. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मीरिमला मनातल्या मनात नवा पांढरा कोट दिसायला लागला, उजव्या खिशावर निळी शाई सांडलेली. मग बाईंनी लिफाफा फोडला.

वाचायला अर्धं मिनिट लागलं. शिक्क्याकडे मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पत्राची घडी घातली, किटली उचलली आणि मीरिमचा पेला काठोकाठ भरला.

मीरिम पेल्याकडे बघतच राहिली. पाहुणा बसावा असं वाटत असलं की पेल्यात दोनच घोट ओततात, म्हणजे तो परत परत मागत राहतो. काठोकाठ भरला की त्याने आपले बूट शोधायचे. तोकमोकमधलं शेंबडं पोरही हे जाणतं.

"काय चुकलं?" तिने विचारलं.

"बुबुसारा असानोव्ना तुमच्या सासूबाई?"

"हो."

"मी अकरा वर्षं होते त्यांच्या हाताखाली. त्या खोलीत, त्या शिक्क्याशेजारी." राकिया सादिरोव्ना खिडकीबाहेर बघत होत्या. "बावीस वर्षांत त्यांनी फक्त तिघांची स्तुती लिहिली. पहिला गोदामवाला. तो सदऱ्याखाली लोकर न्यायचा, आम्हाला वाटायचं पोट सुटलंय. दुसरा एक ड्रायव्हर, दोन ट्रक नदीत घातलेला."

"आणि तिसरा?"

"माझा पहिला नवरा. मी नवीन होते, पत्रावर विश्वास ठेवला."

मीरिमने भरलेला पेला जरा बाजूला सारला.

"माणूस घालवायचा असला की त्या स्तुती करायच्या, म्हणजे दुसरा कारखाना लगेच उचलायचा. आणि ठेवून घ्यायचा असला की असं लिहायच्या की कुणी दारात उभं करू नये. मी अकरा वर्षं बदली मागत होते. माझ्याबद्दल लिहिलं होतं, 'मंद, विसराळू, एकूण बटाट्यासारखी.'" हे सांगताना बाईंचा आवाज चक्क मऊ झाला. "आणि तुम्हाला संस्थेचं भूषण म्हणतात. मला वाईट वाटतं हो, पण भूषण नको आम्हाला."

मीरिमसमोर दोनच वाटा होत्या. खोटारडी नसल्याचं नाटक करत घरी जायचं, किंवा खोटारडी असल्याचं कबूल करून इथे बसून राहायचं.

"ते पत्र त्यांनी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"शिक्का खरा आहे."

"साखरेच्या डब्यातला. अक्षर नवऱ्याचं."

"आणि खरं पत्र?"

मीरिमने पिशवीतून पुडकं काढलं, बोरसोक एकेक करून टेबलावर मांडले आणि चार तेलकट पानं पुढे केली. राकिया सादिरोव्नांनी एक बोरसोक तोंडात टाकला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं पान. दुसरं. गुडघ्यांच्या तेलापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. चौथं पान संपल्यावर पानं पुन्हा मोजली.

"चार," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल अडीचच होती."

मग त्यांनी मीरिमचा भरलेला पेला खिडकीतल्या कुंडीत ओतला, किटली उचलली आणि पेल्यात दोन घोट चहा घातला. "सोमवारपासून या. नवऱ्याला मात्र आणू नका."

घरी अपा चुलीपाशी बसल्या होत्या. "काय म्हणाले?" त्यांनी पाठमोऱ्याच विचारलं.

"घेतलं. राकिया सादिरोव्नांनी सलाम सांगितलाय तुम्हाला."

झाकण उचललेला हात तसाच राहिला. "कुठली राकिया?"

"लोकर कारखान्यातली."

"बटाट्यासारखी?"

"तीच."

अपांनी झाकण परत पातेल्यावर ठेवलं. "तिला वाचता येतं," त्या शेवटी खिन्नपणे म्हणाल्या. "मीच शिकवलं."

मीरिम कामावर जायला लागली. पांढरा कोट मिळाला, खिशावर शाईही सांडली. काम संध्याकाळी संपायचं आणि घरी आलं की दुसरं सुरू व्हायचं, पण त्याबद्दल बायोडेटात रकाना नव्हता. दुसऱ्या सोमवारी ती निघत असताना अपांनी तिच्या हातात एक लिफाफा दिला.

"राकियाला दे. पुरवणी आहे."

या वेळी तो चिकटवलेलाही नव्हता. मीरिमने बसथांब्यावर उभ्या उभ्या वाचला. अक्षर खरं, शिक्का खरा. 'पुनर्विचाराअंती कळवण्यात येते की नागरिक मीरिम ही अत्यंत मेहनती, प्रामाणिक व शांत स्वभावाची आहे. गळा गोड. चहा उत्तम. अशी सून सात पिढ्यांत झाली नाही.'

राकियाने नोकरीवरून घरी धाडावं म्हणूनच हे लिहिलंय, ते तिला नीट कळत होतं. पण नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिला हे लेखी दिलं होतं, शिक्क्यासकट. दोन बस गेल्या. तिसरीत ती चढली तेव्हा पत्र पर्सच्या आतल्या, चेनच्या कप्प्यात होतं. राकिया सादिरोव्नांना तिने ते दिलं नाही. खोटी कागदपत्रं दप्तरी लावणं नियमात बसत नव्हतं, आणि त्या कारखान्यात नियम फार होते.

संध्याकाळी अपांनी पेला पुढे केला. मीरिमने त्यात दोनच घोट ओतले.

अपांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "पातळ," त्या म्हणाल्या आणि पेला पुन्हा पुढे केला.