साळवे सरांचा रिकामा रकाना

साळवे सर चहाची चिठ्ठीसुद्धा 'दोन+चहा+साखर+कमी' अशी लिहायचे. पहिल्या दिवशी टपरीवाल्यानं दोन चहा पाठवले आणि वर पुडीत बांधून वेगळी साखर. सरांनी पुडी मला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच चिठ्ठी लिहिली. "मोकळी जागा सोडली की कुनीतरी घुसतंय," हे त्यांचं ब्रीद.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासात मी सगळ्यांत जुना, टाइपरायटर होते तेव्हापासूनचा. साळवे देवळाली प्रवऱ्याहून एसटीनं येणारे, अगदी कालचे. तरी पोरं सदा त्यांच्याभोवती. खोटं कशाला बोलू, मी जळायचो त्यांच्यावर.

वेबपानावर भरलेला फॉर्म सर्व्हरकडे जाण्याआधी त्यातल्या माहितीचं रूप कसं बदलतं, हे मी पुस्तकातून तीनदा वाचून दाखवलं होतं. तिन्ही वेळा मागचा बाक झोपला. मग साळव्यांनी खडू घेतला.

"लग्नाचं वऱ्हाड टेम्पोत बसवायचंय बघा. दोन शब्दांत जागा ऱ्हायली, तर तिथं अधिकचं चिन्ह बसवा. दोन रकान्यांच्या मधी & हे कुंपण. आता एखाद्या दुकानाच्या नावातच & आसंल तर? त्याला %26 चा सदरा घालायचा. मुक्कामी पोचला की सदरा उतरतो!"

मागचा बाक खो खो हसला. आणि कहर म्हणजे, त्यांना ते समजलंही.

इंटरनेटची नवी बॅच आम्हा दोघांपैकी एकालाच मिळणार होती. मला ती हवीच होती. क्लासचे मालक आमचे नमुन्याचे फॉर्म बघायला बसले. साळव्यांनी स्वतःचं नाव-गाव भरून बटण दाबलं. वर पत्त्याच्या पट्टीत सगळं ओळीनं उमटलं. शेवटी होतं 'suman=' आणि त्यापुढं काहीच नाही.

मी अशाच संधीची वाट बघत होतो. "शेवटचा रकाना रिकामाच जातोय," मी मालकांना ऐकू जाईल असं म्हणालो. "काढून टाका की."

"ऱ्हाऊ द्या, सर. रकाना रिकामा आसला तरी त्याचं नाव जातंयच."

"पण ही सुमन कोण?"

"आमची मंडळी." साळवे पडद्याकडंच बघत होते. "दोन वर्सं झाली जाऊन. माझ्या परत्येक फॉर्मात तिचा रकाना आसतो. भरायला काय न्हाई आता. पर नाव जातं."

बॅच साळव्यांना मिळाली. कुणी कुणाला इतकं जपावं, याचाही मला हेवाच वाटला.

घरी आलो तर बायको पोळ्या लाटत होती. "मिळाली का बॅच?" तिनं विचारलं.

"नाही, विमल," मी म्हणालो.

लाटणं थांबलं. एरवी मी तिला 'अगं'च्या पुढं हाक मारत नाही. तिनं पिठाचा हात पदराला पुसला आणि माझ्या कपाळाला लावून बघितला.