डावं पायडल

सायकलीचं पायडल बदलायला मिस्त्री कशाला लागतो? बाटलीचं झाकण फिरवता येतं ना? मग झालं! असं मी छाती फुगवून बायकोला, तेजश्रीला, सांगितलं. मी इंदापूरला कचेरीत कारकून असलो म्हणून काय झालं, हातात पाना शोभतो माझ्या!

खरं तर त्या दुपारी मला काहीतरी पिळायलाच हवं होतं. आबा बारामतीला दवाखान्यात होते, सोबत माझी बहीण मेघना. साखरेच्या आजारानं आबांचा डावा पाय काळा पडलेला. सकाळी डॉक्टरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. “गुडघ्याखालून काढावा लागेल. वडिलांना तुम्हीच सांगा.” मी खाटेपाशी गेलो. आबा म्हणाले, “माझी सायकल तेवढी नीट करून ठेव. आलो की मळ्यात जायचंय.” मी ‘व्हय’ म्हणालो आणि गावाकडची, शेळगावची एसटी धरली!

डावं पायडल गंजून गच्च बसलेलं. पाना लावला, हलेना. पान्यात पाईप अडकवून त्यावर लोंबकळलो. कटकन आवाज! मी जमिनीवर, पायडल मांडीवर आणि आट्यांचा तुकडा पायडल बसतं त्या दांड्यात, क्रँकच्या आत! रॉकेल ओतलं, छिन्नी ठोकली, ड्रिल चालवलं. ड्रिलचं टोकही मोडून आतच बसलं, अक्कलदाढेसारखं! शेवटी सायकलवाल्या रतनला फोन लावला.

“कुठल्या अंगाला पिळलंत?”

“डावीकडं. सगळे नट फिरवतात तसं.”

“अवो, डाव्या पायडलाचे आटे उलटे असत्यात! तुमी काढत नव्हता, आवळत होता!”

माझा आवाज चढला. “आता डावा तर कामातनं गेला! आतलं काय निघत न्हाय. कापूनच काढू का?”

शेजारच्या छबूबाई कुंपणापलीकडं लुगडं वाळत घालत होत्या. त्यांनी नेमकं एवढंच ऐकलं. “अगं बया! श्रीपतीआबांचा पाय कापत्यात!” आणि ओलं लुगडं खांद्यावर टाकून निघाल्या की! बघता बघता अंगण भरलं. बायका तेजश्रीच्या गळ्यात पडून रडू लागल्या. ती माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरांचं बोलणं तिलासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

“सायकलीचं बोलत होतो मी!” मी ओरडलो.

अंगण खो खो हसलं. मीपण हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

तेवढ्यात मेघनाचा फोन आला. आवाज आबांचा होता.

“बुद्धघोष, मेघनाला गावातनं फोन आला. माझा पाय कापणार म्हणत्यात.”

“सायकलीचा क्रँक, आबा. छबूबाईंनी भलतंच ऐकलं.”

“म्हंजी सायकलीचंच ना?”

सकाळचा तो ‘व्हय’ पुन्हा तोंडापर्यंत आला. आता मात्र बाहेर पडेना.

“दोन्हीचं, आबा. पाय गुडघ्याखालनं.”

मग आबा खाकरले.

“उजवं पायडल नीट हाय का?”

“हाय.”

“मग त्याला तू हात लावू नगंस.”