नानांची खाट आणि कमी पिणारी गाडी

गाडी विकत घ्यायला निघालेला माणूस सोबत फार तर एखादा मिस्त्री नेतो. आमचे विश्रामनाना खाट न्यायचे.

खाट म्हणजे अगदी झोपायची. सागवानी, चार पायांची, सुतळीने विणलेली. तिचा डोक्याकडचा भाग नानांच्या खांद्यावर आणि पायथ्याकडचा माझ्या. शहाद्याच्या बाजारपेठेतून आम्ही दोघं ती घेऊन निघालो की लोक आपोआप बाजूला व्हायचे, काहीजण टोपी काढायचे आणि एखादी म्हातारी हात जोडायची. नाना तिला चालता चालता सांगायचे, "रिकामी खाट शे माय, कोनी मरेल नही." मला मात्र त्या क्षणी खाटेवर आपणच आडवं व्हावं असं वाटायचं, इतकी लाज वाटायची.

नाना माझे शेजारी. तापीकाठच्या आमच्या गावातलं गुजरांचं घर, केळी आणि कापूस पिकवणारं. मी पिठाची गिरणी चालवायचो. गिरणीला इंजिन असतं, गाडीलाही इंजिन असतं, म्हणजे वसंताला गाडीतलं कळतं, असा नानांचा हिशेब होता. मला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण नानांनी एकदा कुणाला जाणकार ठरवलं की त्याची सुटका नसे.

त्यांच्याकडे एक ट्रक होता. लढाई संपल्यावर सरकारने मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी एक. अंगाने एवढा थोराड की दारात उभा राहिला की आमच्या ओसरीवर दुपारीच संध्याकाळ व्हायची. केळीचे घड घेऊन तो नंदुरबारच्या स्टेशनात जायचा आणि येताना नानांचा जीव घेऊन यायचा, कारण तो पेट्रोल प्यायचा. प्यायचा म्हणजे किती, ते बघायला नानांनी कडुलिंबाची एक काडी ठेवली होती. निघताना ती टाकीत बुडवायची, पोचल्यावर पुन्हा बुडवायची, ओल्या खुणेकडे बघायचं आणि मान खाली घालायची. घरातलं कोणी गेल्यावर माणूस बसतो तसे नाना मडगार्डावर बसून राहायचे.

त्यातून त्यांचं ते ठरलेलं वाक्य आलं. गाडी थांबली न थांबली तोच ओरडायचे, "बंद कर रे, पी ऱ्हायनी!" ट्रक पुरुषी थाटाचा असला तरी पिण्याच्या बाबतीत नाना त्याला म्हशीच्या जातीत धरत. रस्त्यात कोणी राम राम घातला तर आधी इंजिन बंद, मग उलटा राम राम. उतार दिसला की इंजिन बंद. एकदा धडगावच्या बाजारात कांदे टाकून आम्ही परत येत होतो. घाटाच्या माथ्यावर नानांनी इंजिन बंद केलं आणि तो अख्खा रणगाडा नुसता घरंगळत सोडला. मागे बसलेल्या पावरा आदिवासींपैकी एक म्हातारा पहिल्या वळणावर थांबवायला लावून मुकाट्याने उतरला आणि पायवाटेने चालू लागला. आम्ही ब्रेक दाबत दाबत, देवाचं नाव घेत खाली पोचलो तेव्हा तो दगडावर बसून चिलीम ओढत होता. त्याने आमच्याकडे इतक्या दयेने पाहिलं की ते मी अजून विसरलो नाही.

तर ट्रक विकून लहान गाडी घ्यायची, असं नानांनी ठरवलं. जीपसारखं तोंड आणि मागे उघडं खोकं, अशा पिकप तेव्हा कुठे कुठे दिसू लागल्या होत्या. कुणी ठेकेदार, कुणी व्यापारी वापरून कंटाळला की विकायचा, आणि बातमी आली की नाना खाट बाहेर काढायचे. ट्रकमध्ये खाट टाकून जायचं, पेट्रोल वाचावं म्हणून ट्रक गावाबाहेरच उभा करायचा आणि पुढे खाट खांद्यावर.

गाडी बघण्याची त्यांची पद्धत सारंगखेड्याच्या यात्रेत बैल बघण्याची. आधी लांबून एक फेरी. मग मागून जाऊन पुठ्ठ्यावर थाप. मग खाली वाकून पोटाकडे नजर, तेल गळतंय का. मालकाला पहिला प्रश्न, "पीस कितली?", म्हणजे पिते किती. आणि भाव ठरवायचा तो उपरण्याखाली, बोटं दाबून, दलाल बैलाचा ठरवतात तसा. नंदुरबारच्या एका पाटलोणवाल्या ठेकेदाराला ही रीत ठाऊक नव्हती. नानांनी उपरणं टाकून त्याचा हात पकडला आणि डोळे मिटून बोटं आवळायला लागले, तेव्हा त्याला वाटलं म्हाताऱ्याला झटका आला. तो घरात तोंड करून ओरडला, "पाणी आणा, पाणी!" नानांनी ते पाणी पिऊन टाकलं आणि पुन्हा हात पुढे केला.

एवढं सगळं जमलं तरी शेवटी खाट यायची. खाट मागच्या खोक्यात आडवी ठेवायची आणि मागचा फाळका लावून बघायचा. लागला नाही तर गाडी बाद. मालक विचारायचे, खाट कशाला? नाना सांगायचे, "केळीना घडसनं माप शे." त्यांचा मोठा मुलगा रतिलाल कपाळ बडवून म्हणायचा, "नाना, केळी काय झोपीसन जातीस का?"

माप केळीचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, कारण आमची ओसरी आणि त्यांची ओसरी यांच्यात एकच कुडाची भिंत. ती खाट नानींची होती. आम्ही ती नेली की घरातल्या बायका नानींना तेवढा वेळ खाली गोधडीवर निजवायच्या.

नानी कापसाच्या भरल्या गाडीवरून पडल्या होत्या. कंबरेत असं काही मोडलं की धुळ्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून त्या ओसरीत खाटेवर. आयुष्यभर मळ्यात राबलेली बाई, तिला आता छपराचे वासे तेवढे बघायला होते. मळा नदीच्या अंगाला, दोन्हीकडून कुंपणं आलेल्या अरुंद गाडवाटेने जायचं. तिथे ट्रक शिरत नव्हता. बैलगाडीतून एकदा नेलं, तर पहिल्याच चाकोरीत त्या अशा किंचाळल्या की नानांनी बैल तिथूनच वळवले. नंतर त्यांनी ती गाडी ओसरीसमोरून हलवूनच टाकली, नजरेला पडू नये म्हणून.

मग रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून मी ऐकायचो.

"मळामा आज काय देखं?"

"मळा देखा."

"आंबाले मोहर उना का?"

"उना."

"कोनता फांदीले?"

"आंबाना फांदीले."

"तुमले काही देखता येस का हो?" नानी वैतागायच्या. तो आंबा त्यांनी नवरी म्हणून आल्या त्या साली लावलेला. "माले एकदाव लई जा. मी मन्हा डोयाघाई देखसू." त्यांना तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता.

"लई जासू. गाडी भेटू दे."

हे सगळं असं होतं. लहान गाडी हवी, कारण वाट अरुंद. मऊ पाट्यांची, म्हणजे स्प्रिंगांची हवी, कारण कंबर. कमी पिणारी हवी, कारण एकदाच नाही, त्यांना नानींना रोज न्यायचं होतं. आणि खाटेएवढी हवी, कारण नानींना खाटेसकट उचलायचं, म्हणजे धक्का नाही. पण या जगात जी कमी पिते तिच्यात खाट मावत नाही आणि जिच्यात खाट मावते ती विहीर पिते. शहादा, तळोदा, नंदुरबार, सगळं पालथं घातलं. मी तर प्रत्येक वेळी परतताना ठरवायचो की आता खाटेला हात लावणार नाही. आणि प्रत्येक वेळी खाटेचं पायथ्याकडचं टोक माझ्या खांद्यावर असायचंच.

दरम्यान वर्षं जात होती. आमचं लक्ष गाड्यांकडे होतं.

शेवटी खापर गावच्या एका व्यापाऱ्याकडे गाडी मिळाली. पाटे मऊ, अंगाने आटोपशीर, आणि काडी घालून पाहिली तर ओली खूण जागची हलेना. नानांच्या चेहऱ्यावर असं हसू मी कधी पाहिलं नव्हतं. मग खाट ठेवली. वीतभर बाहेर.

नानांनी ती तिरपी करून पाहिली. उलटी करून पाहिली. व्यापारी बिचारा फाळक्याला खांदा लावून रेटत होता. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "नाना, पाय कापा हिचे नाहीतर टोक कापा. आता बस्स झालं!"

नानांनी खाटेवरून हात फिरवला. "तिना बापनी देयेल शे रे वसंता," एवढंच म्हणाले.

आम्ही तशीच ती परत आणली. वाटेत एका मोठ्या उतारावर ते इंजिन बंद करायचं विसरले, तेव्हा मी खरा घाबरलो. पुढच्या आठवड्यात एकटेच गेले. ट्रक देऊन टाकला आणि तीच गाडी घेऊन आले. फाळका उघडाच ठेवायचा आणि खाट दोराने बांधायची, असा विचार करून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओसरीला लावली. नानींना नवं लुगडं नेसवलं होतं. त्यांनी मान वळवून गाडी पाहिली आणि म्हणाल्या, "इतलीशी? इतला दिन हाईच धुंडी ऱ्हायना व्हतात का?"

नानांनी डोक्याकडचा भाग धरला, मी पायथ्याकडचा. "सांभाळीसन," ते म्हणाले. आम्ही खाट उचलली.

ती खाट रिकामी असताना मी अर्ध्या खानदेशात फिरवली आहे. तिचं वजन माझ्या खांद्याला पाठ होतं. त्या सकाळी तिच्यावर नानी होत्या, आणि वजन तेवढंच लागलं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. मी नानांकडे पाहिलं. तेही खाट धरून थबकले होते. मग आम्ही दोघांनी खाली पाहिलं. अंगाने भरलेली, कापसाचा भारा एका झटक्यात डोक्यावर घेणारी बाई त्या खाटेच्या अर्ध्यातच संपली होती. पायथ्याकडचा भाग, जो मी इतकी वर्षं वाहिला, तो नुसता रिकामा होता.

नानांनी खाट खाली ठेवायला सांगितली. वाकून त्यांनी नानींना दोन्ही हातांनी उचललं, तान्ह्या पोराला उचलावं तसं, आणि पुढच्या बाकड्यावर निजवलं. डोकं आपल्या मांडीशी, गुडघे जरा दुमडलेले. त्या अगदी मावल्या. पुढचं बाकडं आम्ही बघितलेल्या प्रत्येक गाडीला होतं. पहिल्या गाडीलाही होतं.

"मी खाटच मोजत ऱ्हायनू," नाना स्टिअरिंगकडे बघत म्हणाले. "तिले मोजंच नही."

नानी म्हणाल्या, "आते चाला ना."

मी मागच्या खोक्यात त्या खाटेवर बसलो. ती न्यायची काही गरज नव्हती, पण तिला सोडून जायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. गाडी गाडवाटेने अशी हळू गेली की एक बकरी आम्हाला ओलांडून पुढे गेली. मळ्यात आंब्यासमोर गाडी थांबली आणि नानांचा हात सवयीने चावीकडे गेला.

"बंद नका करू," नानी म्हणाल्या. "ती थरथर पाठले बरी वाटस."

नानांनी हात मागे घेतला. गाडी चालू राहिली. मोहर सगळा उगवतीच्या फांद्यांना आला होता, मावळतीकडे काहीच नव्हतं. नानींनी ते एका नजरेत पाहिलं आणि नानांना ऐकवलं, "देखा, याले म्हनतस देखनं." उन्हं वर आली. गाडी आपली पीत होती आणि नाना तिला एका शब्दाने अडवत नव्हते. मी मागे खाटेवर बसून आभाळाकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघवत नव्हतं.

रोज न्यायचं होतं. त्यानंतर दोनदा नेलं. आंब्याला कैऱ्या धरल्या तेव्हा नानी गेल्या. या खेपेला खाट उचलली तेव्हा लोक बाजूला झाले, टोप्या निघाल्या, आणि नाना कोणाला काही म्हणाले नाहीत.

गाडीत आता रतिलाल केळी नेतो. कमी पिते म्हणून गावभर तिचं कौतुक आहे. पण दिवेलागणीला ती रिकामी असते, आणि तेव्हा नाना पुढच्या बाकड्यावर जाऊन बसतात, मांडीशी जागा सोडून. चावी फिरवतात. गाडी दारातच असते, जायचं कुठेच नसतं. भिंतीपलीकडून पूर्वी बोलणं ऐकू यायचं, आता तेवढा तो घरघराट येतो.

परवा मला राहवलं नाही. गिरणी बंद करून मी गाडीपाशी गेलो. नाना समोर बघत होते. त्यांचंच वाक्य माझ्या तोंडून गेलं.

"नाना, बंद करा. पी ऱ्हायनी."

नानांनी बाकड्यावरच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. थरथर हाताला लागत असावी.

"पिऊ दे," ते म्हणाले.