गप्प भाडेकरू

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने भाडं द्यायचं बंद केलं, तेव्हा घरमालकाला राग आलाच. पण बऱ्याच दिवसांनी कुणाशीतरी भांडायला मिळणार म्हणून थोडी तरतरीही आली. बायको गेल्यापासून घरात आवाज करणारा फक्त फ्रीज होता, आणि फ्रीज भांडणात साथ देत नाही.

त्याने वकील भाचीला फोन लावला. "कुलूप ठोकू का?"

"वेडेपणा करू नका, मामा. कुलूप नाही, पाणी तोडायचं नाही, वीज तोडायची नाही. उलट नळ गळत असला तर दुरुस्त करून द्या. कोर्टात गेलो तर तुमची बाजू स्वच्छ पाहिजे."

"म्हणजे तो भाडं बुडवणार आणि मी त्याचा नळ धरून बसणार?"

"हो."

मालक पाना घेऊन वर गेला. भाडेकरू जाहिरातींना आवाज द्यायचा. त्याने दार उघडून गळ्याकडे बोट दाखवलं आणि मोबाइल पुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, 'घसा गेलाय. बोलायला डॉक्टरांची बंदी. काम बंद. भाडं देईन, काका.'

मालकाने पाठ करून आणलेलं भांडण काढलं. समोरून उत्तर येईना, म्हणून ते लवकर संपलं. मग त्याने नळ पाहिला. नळ ठणठणीत होता. जबाबदारी म्हणून त्याने तो आधी सैल केला, मग घट्ट केला. नळावरून बायकोचा विषय निघाला. ती नळ इतका आवळायची की उघडायला शेजाऱ्यांना बोलवावं लागे. भाडेकरू ऐकत राहिला. मध्येच सल्ला नाही, 'आमच्याकडेही असंच' नाही.

दुसऱ्या दिवशी मालक खिडकीची कडी बघायला गेला. मग बिजागऱ्या. मग बटणं. काहीच उरलं नाही, तेव्हा त्याने चांगला चालणारा पंखा उतरवला.

"मामा, नोटीस कधी पाठवू?"

"थांब गं. माझी जबाबदारी कुठे संपलीय अजून!"

पंखा परत बसवताना गोष्ट दवाखान्यापर्यंत आली. "तिथून तिचा शेवटचा फोन आला. म्हणाली..." मालक शिडीवरच थांबला.

"काय म्हणाल्या?" खालून भारदस्त आवाज आला.

दोघेही दचकले.

"तुला बोलता येतं?"

"केव्हाच यायला लागलंय. कामही सुरू झालंय." भाडेकरूने ओशाळून पाकीट पुढे केलं. "सगळं भाडं आहे, काका. पण दिवसभर मी एकटा माइकसमोर साबणाची स्तुती करतो. माझ्याशी बोलणारं कोण आहे? म्हटलं, तोंड उघडलं की तुमचं येणं बंद."

मालकाने पाकिटाकडे पाहिलं. ते घेतलं की प्रकरण मिटलं, आणि वर यायचं कारणही मिटलं.

"घशाचं दुखणं वाईट," तो म्हणाला. "इतक्यात बोलायचं नाही."

"अहो, पण काका..."

"गप्प."

भाडेकरूने पाकीट खिशात घातलं आणि शिडी धरली.

"म्हणाली, माझ्याशी काय बोलत बसलात, गॅसवर दूध आहे ना?" मालक पंख्याकडे बघत म्हणाला. "आणि मी गेलो की रे दूध बघायला."