वरचा डोंगर, खालचा डोंगर

बायकोने विचारलं, "हिवाळ्याच्या सुट्टीत कुठल्या डोंगरावर जायचं? वरच्या की खालच्या?" आणि मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, "कुठेही चालेल."

लग्न झालेल्या माणसाने 'कुठेही चालेल' असं कधीही म्हणू नये. मला हे माहीत होतं, पण जीभ घसरली.

"कुठेही म्हणजे?"

"म्हणजे तुला आवडेल तिथे."

"म्हणजे तुला स्वतःला कशातच रस नाही. सरळ सांग ना, माझ्याबरोबर यायचंच नाहीये."

रस होता हो! बर्फ दोन्हीकडे, स्कीइंगही दोन्हीकडे. पण वरचा डोंगर म्हणजे नुसता कडा. त्याच्या माहितीपत्रकातल्या एकाही माणसाचे पाय मला जमिनीला टेकलेले दिसले नाहीत. खालच्या डोंगराचा उतार बुटका, आणि शेजारी गरम पाण्याचा तलाव. बायको शाळेत खेळ शिकवते. तिने शिट्टी फुंकली की शेजारचे आजोबासुद्धा ताठ उभे राहतात. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. डोंगर पाहिला की लोकांना निसर्ग दिसतो, मला मोडलेले गुडघे दिसतात.

"मग खालचा," मी धीर करून म्हणालो.

"तिथे तर दुडदुडणारी पोरं शिकतात!"

"मग वरचा."

"माझ्यावर उपकार नकोत."

(तिसरा डोंगर असता तर तोही सुचवला असता.)

त्यानंतर घरात अबोला सुरू झाला. ती चहाचा कप किती जोरात टेबलावर आपटते, त्यावरून मी हवामानाचा अंदाज घेऊ लागलो. शेवटी माझ्यातला पती जागा झाला. गुडघे तर गुडघे, पण बायको हसली पाहिजे! जेवणाच्या सुट्टीत मी वरच्या डोंगरावरचं हॉटेल बुक करून टाकलं.

संध्याकाळी घरी आलो तर बायको दारातच उभी. चेहरा फुललेला, हातात पोहण्याची नवी टोपी.

"तुझ्यासाठी आणली. गरम पाण्याच्या तलावात घालायला! मी खालचा डोंगर बुक केला. तुला तोच हवा होता ना? मला काय कळत नाही?"

मी मटकन बाकावर बसलो. तिला वाटलं, आनंदाने.

मी वरचा डोंगर बुक केल्याचं तिला सांगितलं आणि ते बुकिंग रद्द करायला फोन लावला. पलीकडून एका बाईंचा गार आवाज आला.

"रद्द करण्याचं कारण?"

"गैरसमज."

"आजारपण, अपघात की मृत्यू, यातलं काय?"

"यातलं अजून काही झालेलं नाही."

"मग पैसे परत मिळणार नाहीत."

(मी स्वतः दिवसभर लोकांना हेच ऐकवतो. समोरच्याला ते ऐकताना कसं वाटतं, ते त्या दिवशी समजलं.) दुसऱ्या हॉटेलचंही उत्तर तेच.

तेव्हा इतका वेळ कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसलेल्या सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. "त्यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काय आहे? तुम्ही दोघं वर जा. मी एकटी खाली जाते. खोली वाया जायला नको."

बायकोचा चेहरा उजळला. किती वर्षांनी आम्ही दोघंच कुठेतरी जाणार होतो! आता मी फक्त गप्प बसायचं होतं. पण डोळ्यांसमोर तो कडा उभा राहिला आणि तोंडातून निघून गेलं, "छे छे! आईंना एकटं कसं पाठवायचं?"

"मग?" बायकोने विचारलं.

"मी जातो त्यांच्याबरोबर."

"आणि मी?"

"तू… वर. तुला वरचाच हवा होता ना?"

"किती रे काळजी घेतोस माझ्या आईची," ती म्हणाली आणि पोहण्याची टोपी कपाटात, अगदी तळाशी ठेवून आली. त्या क्षणी धावत जाऊन ती टोपी काढायला हवी होती. मी बॅगा काढल्या.

अशा रीतीने मी सासूबाईंबरोबर मधुचंद्राच्या खोलीत पोहोचलो. (बायकोने ती खास मागून घेतली होती.) गुलाबी पडदे होते, पलंग बदामाच्या आकाराचा होता. मी सोफ्यावर झोपलो. गरम पाण्याचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता.

बायकोचा फोन आला. मागे हसण्याखिदळण्याचे आवाज. "आईला सांभाळतोस ना? तिला पडू देऊ नकोस हं."

"छे, त्या नाही पडत," मी म्हणालो. ते खरंच होतं. सासूबाई पहिल्याच सकाळी उतारावरून अशा खाली आल्या, जणू भाजी आणायला निघाल्यात. प्रशिक्षकाने त्यांना टाळी दिली आणि मला दुडदुडणाऱ्या पोरांच्या वर्गात बसवलं. त्या वर्गातही मी शेवटचा होतो.

शेवटच्या दिवशी सासूबाईंना दया आली. "चला, एकदा तरी लिफ्टने वर चला. टोकाला पोहोचलं की उठायचं आणि घसरायचं. बास."

लिफ्टच्या तारेला लटकणाऱ्या खुर्चीत बसून आम्ही दोघं वर निघालो. टोक आलं. "उठा!" म्हणत सासूबाई भुर्रकन निघून गेल्या. मी उठणार, एवढ्यात माझ्या कोटाचा पट्टा खुर्चीत अडकला आणि मी उतरण्याची जागा ओलांडून पुढे गेलो. भोंगा वाजला. लिफ्ट थांबली. माझ्यामागच्या सगळ्या खुर्च्या माणसांसकट हवेत लटकल्या, आणि सगळ्यात पुढे मी, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"आई!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "आई! आई गं!"

मागच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. "एवढा मोठा घोडा, आणि आईला हाका मारतोय बघ," कोणीतरी म्हणालं. आता मी कुणाला सांगू, की मी सासूबाईंना आईच म्हणतो?

लिफ्टवाला शिडी घेऊन आला आणि माझ्या पाठीवर थोपटत म्हणाला, "रडू नका साहेब, काढतो हं तुम्हाला. आई कुठेय तुमची?"

मी बोटाने सासूबाईंचा लाल कोट दाखवला. त्या उतारावर थांबून वर पाहत होत्या. लटकलेला सगळा डोंगर त्यांच्याकडे पाहू लागला.

"आजी!" लिफ्टवाल्याने हाक मारली. "हा तुमचा मुलगा का?"

सासूबाईंनी मला नीट न्याहाळलं. मग कपाळावरचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"नाही हो," त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मला एक मुलगीच आहे," आणि काठ्या रोवून झोकात खाली निघून गेल्या.