पारखींच्या सोळा गाद्या

गजानन पारखी कुठल्याही खोलीत शिरले की आधी जमिनीकडे बघतात, माणसांकडे नंतर. मग ओठ हलतात आणि एक आकडा बाहेर पडतो. आमच्या बैठकीच्या खोलीचा आकडा साडेनऊ. बँकेचा एकवीस. शेजारच्या कुलकर्ण्यांची आई गेली तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो होतो. पारखी भिंतीला टेकून बसले, सतरंजीवरून नजर फिरवली आणि हळूच म्हणाले, "चौदा. पण मध्ये खांब आहे."

कुलकर्णी डोळे पुसत म्हणाले, "नाही हो, तेराव्यालाच सगळं उरकतोय."

हे आकडे गाद्यांचे. आयकिडोची गादी सहा फूट बाय तीन फूट. समोरच्या खोलीत अशा किती बसतील, हे गणित त्यांच्या डोक्यात सतत चालू असतं. आयकिडो ही जपानी विद्या. अंगावर येणाऱ्याला त्याच्याच जोरात वळवून अलगद जमिनीवर निजवायचं. ती शिकवायची जागा म्हणजे डोजो. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत डोजो काढायचा, ही पारखींची एकुलती एक महत्त्वाकांक्षा. ती का फसली याची एक गंमत वसाहतीत तीस-पस्तीस वर्षं सांगितली जाते. ती खोटी आहे. मला ठाऊक आहे, कारण ती पसरवली मीच.

पारखी कॉइल वाइंडिंगला, मी त्याच शॉपमध्ये तपासणीला. क्वार्टरची भिंतही एकच. आमचे वरिष्ठ सान्यालसाहेब मशीनचं प्रशिक्षण घ्यायला जपानला गेले आणि मशीनबरोबर आयकिडोही शिकून आले. क्लबमागच्या हिरवळीवर त्यांनी बारा जणांना शिकवायला सुरुवात केली. दिवाळीपर्यंत अकरा गळले. उरले पारखी. साहेब निवृत्त होऊन कलकत्त्याला निघाले तेव्हा पारखींनी फलाटावर त्यांना शब्द दिला, "सर, आपके नाम का डोजो यहीं बनेगा."

तेव्हापासून भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न, "पडता येतं का?" दूधवाल्याला, कुणाच्या नव्या जावयाला, एकदा तर दवाखान्यात खुद्द डॉक्टरांना. "चालायला आई शिकवते. पडायला कोण शिकवतं, सांगा." आतून सुमनवहिनी म्हणत, "हातातला कप पडेल, आधी तो धरा."

गाद्या जवाहर चौकात शिवून घेतल्या. मी बरोबर होतो. पारखी गादीवाल्याला म्हणाले, "रुई ठूँस-ठूँस के भरो. दबनी नहीं चाहिए."

"साहब, इस पे नींद नहीं आएगी."

"सोना नहीं है. गिरना है."

गादीवाल्याने मला घरचं माणूस समजून बाजूला घेतलं. "कब से है इनको?"

मी म्हटलं, "चार साल हो गए."

गाद्या सोळा झाल्या, कारण बंद पडलेल्या रेशन दुकानाच्या जागेत सोळाच बसत होत्या. ती जागा पारखींनी वसाहत समितीकडे मागितली होती. समिती म्हणाली, क्रीडादिनाला आधी करून दाखवा, मग बघू. करून दाखवायला दुसरा माणूस लागतो. तो मी. भिंतीला भिंत, नाही कसं म्हणणार?

तीन महिने रोज संध्याकाळी मी त्यांच्या पुढच्या खोलीत पडलो. आयकिडोत ज्याला पाडायचं त्यालाही काम असतं. मनगट वळलं की त्याने वळणाबरोबर जायचं. तो अडून राहिला तर पाडणाऱ्यापुढे दोनच मार्ग. त्याचं मनगट मोडायचं, नाहीतर सोडून द्यायचं. हे पारखींनी मला शंभरदा सांगितलं होतं. "लिमये, तुम्ही छान पडता," असं ते म्हणत आणि, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटे.

क्रीडादिनाला सगळी वसाहत मैदानावर. पुढच्या रांगेत समिती, मागे आमच्या शॉपची मंडळी. मी ठरल्याप्रमाणे पारखींच्या अंगावर गेलो, त्यांनी माझं मनगट धरलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "लिमये साहब तो गए!" हशा उसळला. त्यात आमच्या सौभाग्यवतींचा आवाज मला वेगळा ओळखू आला. पारखी माझ्यापेक्षा वीतभर बुटके, वजनाला निम्मे. मी पाय रोवले आणि हात ताठ केला.

पारखींनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात सोडून दिला. वळणाच्या जोरात ते स्वतःच भेलकांडले आणि गादीबाहेर मातीत जाऊन बसले. शिट्ट्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "पारखीजी, पहले आप खुद सीख लीजिए." रेशन दुकानाची जागा कॅरमवाल्यांना मिळाली.

घरी जाताना पारखींनी एवढंच विचारलं, "मनगट दुखत नाही ना?" माफी मागायला ती चांगली वेळ होती. मी मागितली नाही. उलट पुढे प्रत्येक निरोप समारंभात, पाडायला गेलेला माणूस कसा पडला, ते अभिनयासकट सांगितलं. पारखी समोर बसून हसत. वहिनी हसत नसत.

आता आम्ही दोघंही ऐंशीच्या घरात. वहिनी गेल्या. पारखी भोपाळच्या टोकाला, मिसरोदच्या एका सोसायटीत एकटे राहतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. "सोसायटीचा वरचा हॉल मिळालाय. रविवारी सरांच्या नावाने डोजो सुरू करतोय. या."

गेलो. भिंतीवर सान्यालसाहेबांचा फोटो, समोर पाच निवृत्त गृहस्थ आणि कॉलेजच्या दोन मुली. हार घालून झाल्यावर मी दोन शब्द बोलायची परवानगी घेतली आणि सांगून टाकलं, "पारखी को सब आता था. मैं अड़ गया था. मेरी कलाई बचाने के लिए उन्होंने छोड़ दिया."

एका मुलीने विचारलं, "अंकल, कब की बात है?"

"तीस साल से ऊपर हो गए."

"ओह," ती म्हणाली.

पारखी मात्र चिडले. मला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. "अहो लिमये, हे इथे कशाला? सरांसमोर? त्यांना यातलं काही माहीत नाही."

मला कळेना. त्यांनी कपाटातून पत्रांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. सगळी कलकत्त्याची. सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. पारखींनी त्यांना कळवलं होतं की डोजो सुरू झाला, गाद्या सोळा, पहिला विद्यार्थी लिमये. सरांचं खुशीचं उत्तर आलं, मग पुढचं पत्र लिहिणं भाग पडलं. सर जाईपर्यंत, सहा वर्षं, पारखी लिहीत राहिले.

वरचंच पत्र मी उघडलं. थरथरत्या अक्षरात हिंदी होतं. 'लिमये का बायाँ घुटना अब कैसा है? उसको बोलना, सेंके बिना गद्दे पर न आए.'

"पारखी, माझा गुडघा कधीच दुखला नाही."

"ठाऊक आहे. तुम्ही पहिल्यांदा ती गोष्ट सांगितलीत ना समारंभात, तेव्हा फार राग आला होता. म्हणून दोन महिने तुमचा गुडघा बिघडवला."

"मग?"

"मग बरा केला." त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन नीट घडी घातली. "सर काळजी करायला लागले होते. आणि तुम्ही येत नाही असं लिहिलं, की वर्गात मी एकटाच उरायचो."