आंबा, बाभूळ, साग आणि सासूबाई

"वहिनी, गोंद वल्ला हाय तवर म्हाताऱ्या माणसाला जपा," कऱ्हाटीच्या मानसिंग सुताराने बजावलं होतं. ज्योत्स्नाने ते हसण्यावारी नेलं. घरात दीड वर्षाची साक्षी रांगून-धावून उच्छाद मांडत असताना म्हाताऱ्यांना कोण जपत बसतं? कात्री, सुई, गरम चहा, सगळं तिने लेकीच्या हाताबाहेर ठेवलं. गोंदाची बाटली तर थेट कपाटावर.

तिचा नवरा सुमित पणदऱ्याच्या घराच्या पडवीत इलेक्ट्रिक गिटारचं अंग घडवत होता. त्याचं म्हणणं, आंबा आवाजाला मऊपणा देतो, बाभूळ तो धरून ठेवते आणि वरून सागाची पातळ फळी बसली की तो मोकळा होतो. यातली बाभूळ म्हणजे त्याच्या वडिलांच्या, ज्ञानूबाबांच्या बैलगाडीचं जू. कारखान्यावर ऊस ओढून ओढून गुळगुळीत झालेलं. बाबा गेले, बैल गेले, गाडी गेली. हा एकच हातभर तुकडा सुमितच्या आईने, भागुबाईंनी, माळ्यावर जपला होता.

"ह्यो बिघडला तर दुसरा न्हाय," तो देताना त्या लेकाला म्हणाल्या होत्या. "अन् मग मला आई म्हणू नगंस."

रविवारी सकाळी सुमितने गोंद लावून फळ्या जुळवल्या, शिकंजे आवळले. त्यातल्या एकाचे आटे गेलेले. तो निसटला आणि साग बाभळीवरून उचलला गेला. केसाएवढी फट.

"वजन! वजन आणा!"

ज्वारीचं पोतं ठेवलं, ते कलंडलं. पाटा ठेवला, तर एक कोपरा दबला आणि दुसरा उठला. भागुबाई पांढरं लुगडं नेसून वंदनेला विहारात निघाल्या होत्या.

"सरका," म्हणाल्या आणि मधोमध बसल्या. फट मिटली.

"आई, आता हलू नगं!"

"किती येळ?"

"पाच तास."

"आरं, मी काय कोंबडी हाय व्हय?"

ज्योत्स्नाने साक्षीला कडेवर घट्ट धरलं आणि निर्धास्त झाली. सांध्यातून ओघळलेला गोंद कुठे चाललाय, हे बघायचं मात्र राहून गेलं.

शेजारच्या छबूबाई बोलवायला आल्या. "भागाक्का, चला की. समदी थांबल्यात."

"कशी येऊ? पोराचं गाणं उबवतीया."

"मग पिल्लू कवा निघायचं?"

"दोनला."

दोन वाजता भागुबाई उठल्या. त्यांच्याबरोबर लाकूडही उठलं.

"आत्या, थांबा!" ज्योत्स्ना ओरडली. पण साक्षीपासून लपवलेली कात्री तिची तिलाच सापडेना. भागुबाई "कुठं हाय बघ की" करत घरभर फिरल्या आणि मागून सुमित दोन्ही हातांनी लाकूड झेलत, करवलीसारखा. छबूबाई पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या.

शेवटी कात्री पिठाच्या डब्यात सापडली. लुगड्याचा तळहाताएवढा तुकडा सागावर राहिला. सुमितने पॉलिश पेपर उचलला, तशा भागुबाई म्हणाल्या, "लुगडं मरू दे. सांधा बघ आधी."

त्याने कडेवरून नख फिरवलं. ते कुठेच अडकलं नाही.

पुढच्या आठवड्यात तारा चढल्या. सुमितने स्पीकर लावला आणि एकच तार छेडली. भागुबाईंनी लाकडावर तळवा ठेवला. आवाज पडवी भरून उरला. आता विझेल, आता विझेल म्हणत ज्योत्स्ना श्वास धरून उभी राहिली. साक्षी हातातलं बिस्कीट विसरली.

"अजून हाय," भागुबाई पुटपुटल्या. "अजून हाय... अजून हाय."

आवाज विझला तरी त्यांनी तळवा उचलला नाही.

"भरल्या गाडीला चढ लागला की तुझा बाप म्हनायचा, जुवाला हात लावून बघ, कसं थरथरतंय," त्या सुमितला म्हणाल्या. "मी कवा लावला न्हाय. कामं असायची."

ज्योत्स्नाने साक्षीचा हात धरला आणि त्यांच्या हाताशेजारी ठेवला.

येत्या शनिवारी इंदापूरला सुमितच्या गाण्याच्या मंडळींचा कार्यक्रम आहे. साक्षीचे दात येताहेत, तिला ताप आहे, म्हणून ज्योत्स्नाला घर सोडता येणार नाही. तुम्ही जाणार असाल तर तिचं एक काम करा. स्टेजच्या डाव्या अंगाला, स्पीकरला पाठ लावून एक म्हातारी डोळे मिटून बसलेली असेल. जेवल्या का, तेवढं विचारा. त्या 'व्हय' म्हणतील. तरी डबा उघडून बघा.